भंगारातल्या पत्र्याची दुहेरी भिंतीची कॅम्प चूल: कोणता पत्रा, किती भोकं आणि कुठे?

काटक्या_किटली

पाठीवरच्या पिशवीत मावेल अशी, काटक्यांवर चालणारी छोटी चूल करायची आहे. एक लिटर पाणी उकळावं आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं बेताची आच मिळावी, एवढीच अपेक्षा आहे. हाताशी असलेलं भंगार असं:

टिनचा मोठा डबा (व्यास १२५ मिमी, उंची १५० मिमी), टिनचा लहान डबा (व्यास १०० मिमी, उंची १२५ मिमी), जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे बाजूचे दोन पत्रे, वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम, आणि पुडीभर अ‍ॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट.

हत्यारं: ड्रिल, पत्रा कापायची कात्री, कानस, पक्कड. वेल्डिंगची सोय नाही.

लहान डबा मोठ्यात टांगायचा, थोडी हवा तळातून आणि थोडी दोन भिंतींमधल्या पोकळीतून वर न्यायची, हे तत्त्व कळलं आहे. अडलंय ते आकड्यांवर. तळाला भोकं किती, वर किती, किती मिलिमीटरची? भांडं तोंडापासून किती उंच ठेवायचं? आणि कॅबिनेटचा पत्रा चांगला जाड, सपाट आहे, तो भांड्याच्या टेकूसाठी वापरला तर चालेल का?

---

पत्रेकाम

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो तब्येतीचा आहे. कॅबिनेटचा पत्रा वापरू नका. हे पत्रे बहुतेक वेळा जस्ताचा पातळ थर दिलेल्या पोलादाचे असतात आणि त्यावर रंग असतो. गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या) पत्र्यावर दिसतात तशी फुलं यावर दिसत नाहीत, नुसता राखाडी मंद रंग दिसतो, म्हणून फसायला होतं. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं आणि ज्वाळेत त्याची वाफ होऊन पांढरा ऑक्साइडचा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं. एक-दोन दिवसांत उतरतं, पण मुद्दाम ओढवून घ्यायचं कारण नाही. ‘एकदा मोठ्या जाळात जाळून टाका, मग चालतं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या जाळण्यातच तो धूर निघतो आणि सांध्यात, दुमडीत जस्त उरतं ते वेगळंच.

शंका असेल तर कानशीने कोपरा घासू नका, थेंब टाकून पाहा. पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब जस्तावर पडताच जोरात फसफसतो. साध्या लोखंडावर बुडबुडे येतात, पण सावकाश. स्टेनलेसवर लगेच काहीच दिसत नाही. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे आणि मोकळी हवा हवी.

चुंबकावर भरवसा ठेवताना एक लक्षात घ्या. ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, ४३० जातीच्या स्टेनलेसला चिकटतो. ड्रम पुष्कळदा या दुसऱ्या जातीचे असतात. म्हणजे चुंबक चिकटला तरी तो पत्रा स्टेनलेस असू शकतो. उलट अ‍ॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, पण ते वजनाला हलकं असतं आणि कानस लगेच आत शिरते. त्याचा वितळबिंदू ६६० अंश आहे आणि त्याच्या खूप आधीच ते मऊ पडतं. चुलीच्या गाभ्यात एवढी उष्णता सहज होते. त्यामुळे तुमचे अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट बाद. स्टीलचे रिव्हेट घ्या किंवा ४ मिमीचे स्टेनलेस बोल्ट. पिवळट चकाकणारे, मुलामा दिलेले बोल्टही नकोत, त्यावर जस्त असतं आणि जुन्या मालावर कॅडमियमही असू शकतं.

आणखी काय टाळायचं: जुन्या रंगाचे डबे (रंगात शिसं असू शकतं), नॉन-स्टिक थर असलेले ट्रे, आणि फवाऱ्याचे बंद डबे. ज्वलनशील द्रव ठेवलेला डबा असेल तर तो पाण्याने काठोकाठ भरल्याशिवाय त्याला ड्रिलही लावू नका. आत वाफ साठलेली असते आणि एक ठिणगी पुरते.

टिनच्या डब्यावरचं कथील २३२ अंशांना वितळतं, पण थर फारच पातळ असतो, त्याचा त्रास नाही. आतून मात्र बऱ्याच डब्यांना प्लास्टिकसारखा लेप असतो. तो जाळून काढावा लागतो: उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून, अर्धा तास मोठा जाळ. त्या वेळी वर भांडं ठेवू नका. लेप गेला की आतला पत्रा निळसर-राखाडी दिसतो.

---

अर्धा_मिलिमीटर

तुमच्या डब्यांची मापं एकमेकांना चांगली जुळताहेत. १२५ मधून १०० गेले, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरची पोकळी राहते. १० ते १५ मिमी हवीच असते. ६-७ मिमीवर हवा पुरेशी चढत नाही, आणि २५ मिमीच्या पुढे गेलं तर चढणारी हवा आतल्या भिंतीला न घासता वर जाते, नीट तापत नाही.

भोकांचा हिशेब

आतल्या डब्याचा तळ: ५ मिमीची १२ भोकं. क्षेत्रफळ साधारण २३५ चौ. मिमी.

आतल्या डब्याची वरची रांग: ६ मिमीची २० भोकं, मध्य काठापासून २० मिमी खाली. घेर ३१४ मिमी आहे, म्हणजे दर १५.७ मिमीला एक. क्षेत्रफळ ५६५ चौ. मिमी.

बाहेरच्या डब्याची खालची रांग: १२ मिमीची १४ भोकं, मध्य जमिनीकडच्या काठापासून १५ मिमी वर, दर २८ मिमीला एक. क्षेत्रफळ साधारण १५८० चौ. मिमी.

बाहेरून आत येणारी वाट ही आतल्या दोन्ही वाटांच्या बेरजेपेक्षा किमान दीडपट हवी. इथे बेरीज ८०० होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट मिळते आणि तळाला भोकं वाढवायला जागा राहते. तळाला आत्ता बारापेक्षा जास्त पाडू नका. भोक वाढवता येतं, बुजवणं अवघड. आच कमी वाटली तर चार-चार करत चोवीसपर्यंत न्या.

डबा टांगणं

मोठा डबा पालथा घ्यायचा. त्याचा बंद तळ आता वर आला. त्यावर मध्यभागी १०० मिमीचं वर्तुळ आखा (लहान डबा ठेवूनच आखा, कंपासपेक्षा ते बरोबर येतं), आणि आत ८४ मिमीचं दुसरं. आतलं वर्तुळ पूर्ण कापून काढा. मग दोन वर्तुळांमधल्या ८ मिमीच्या पट्टीला कात्रीने २४ चिरा द्या, बाहेरच्या रेषेपर्यंतच, आणि तयार झालेल्या जिभा पकडीने खाली वाकवा. लहान डबा वरून दाबत सरकवा. जिभा त्याला स्प्रिंगसारख्या धरतात आणि डब्याच्या काठाची जाड घडी वर टेकून राहते. रिव्हेट, बोल्ट काहीच लागत नाही, आणि आतला डबा जळून गेला की दुसरा बसवता येतो.

हा सांधा घट्ट बसणं फार महत्त्वाचं आहे. जिभा आणि डब्यामध्ये सगळीकडे एक मिलिमीटरची फट राहिली तर ३१४ चौ. मिमीची वाट झाली, म्हणजे वरच्या सगळ्या भोकांच्या निम्म्याहून जास्त. तापलेली हवा ज्योतीत जायचं सोडून त्या फटीतून वर निसटते. चुली धुरकटतात त्याचं हे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही, कारण फट काठाच्या घडीखाली लपलेली असते. उलटा धरून आतून उजेड टाकून पाहा.

उंचीतला फरक २५ मिमीचा आहे. म्हणजे आतला तळ जमिनीपासून २५ मिमीवर तरंगतो आणि बाहेरची भोकं (९ ते २१ मिमी) पूर्णपणे त्याच्या खाली येतात. असंच हवं. तिथून शिरलेली हवा तळातही जाते आणि पोकळीतही.

ड्रिल करताना

टिनचा पत्रा साधारण ०.२ मिमीचा असतो. साधं ड्रिल त्यात अडकतं, पत्रा ओढतं आणि भोक तिकोनी होतं. डब्यात बसेल असा लाकडाचा गोल ठोकळा घाला, किंवा डबा पाण्याने पाऊण भरून गोठवा आणि बर्फाच्या आधाराने भोकं पाडा. आधी २ मिमी, मग पायऱ्यांचं ड्रिल (टप्प्याटप्प्याने जाड होत जाणारं, शंकूसारखं). १२ मिमीसाठी तर पायऱ्यांचंच वापरा. खिळ्याने ठोकून पाडलेली भोकंही चालतात, पण वरच्या रांगेत खिळा बाहेरून आत मारा. आत वळलेला काठ हवेचा झोत मधोमध ढकलतो. बोटांना लागणारे बाहेरचे काठ मात्र कानशीने मारून टाका.

भांड्याचा टेकू

ड्रमच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी १२० × ५१ मिमी. लांब बाजूची वरची ६ मिमी कड दुमडून घ्या, उंची ४५ राहील. ड्रमचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, दुमडल्याशिवाय तो लालबुंद झाल्यावर भांड्याखाली वाकतो. एका पट्टीला मधोमध वरून साडेबावीस मिमीची खाच, दुसरीला खालून तेवढीच. दोन्ही एकमेकींत अडकवल्या की फुली होते. वरून खाच असलेल्या पट्टीची दुमड खाचेपाशी कापून टाका, नाहीतर दुसरी पट्टी खाली बसत नाही. फुली घसरू नये म्हणून आतल्या डब्याच्या काठाला चार ठिकाणी ५ मिमी खाचा. उतरवली की दोन्ही पट्ट्या सपाट होऊन डब्यात मावतात.

म्हणजे भांडं तोंडापासून ४० मिमीवर येतं. हा आकडा असा: गोल तोंडातून येणारी ज्योत भांड्याखालून चारी बाजूंना पसरते, तेव्हा तिला तोंडाएवढीच वाट हवी. घेर गुणिले उंची बरोबर तोंडाचं क्षेत्रफळ मांडलं की उंची व्यासाच्या एकचतुर्थांश येते. इथे २५ मिमी. ही किमान मर्यादा. तिच्यावर १०-१५ मिमी जास्त ठेवा, कारण ज्योत अर्धवट जळलेली असताना थंड बुडाला टेकली की विझते आणि काजळी धरते. ५० च्या पुढे वारा मधूनच उष्णता पळवतो.

सगळं मिळून वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल.

ड्रमच्या स्टेनलेसला ड्रिल करायची वेळ आली तर ६ मिमीला मिनिटाला ५००-६०० फेऱ्यांपेक्षा जास्त वेग नको. तेलाचा थेंब टाका आणि दाब सोडू नका. ड्रिल नुसतं घासत राहिलं तर तेवढी जागा कडक होते आणि मग त्यात काहीच शिरत नाही.

---

निळी_ज्योत

बांधणी वरच्या उत्तरात पूर्ण आली आहे. पेटवण्याबद्दल लिहितो, कारण ही चूल नेहमीच्या चुलीसारखी खालून पेटवली तर सगळा हिशेब फुकट जातो.

कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग तापल्यावर वायू आणि वाफा होऊन निघतो, उरलेला कोळसा. २०० अंशांच्या पुढे हे सुरू होतं आणि ३०० ते ४०० च्या दरम्यान जोरात चालतं. दिसणारा धूर म्हणजे हे न जळलेलं इंधन. डबा भरून वरून पेटवला की जळणारा थर हळूहळू खाली सरकतो. त्याच्या खालची लाकडं थंडच असतात, आणि सुटलेला वायू तापलेल्या कोळशातून वर येतो. वर २० भोकांतून गरम हवा मिळते, तिथे तो जळतो. तळाची हवा थोडी असल्यामुळे लाकूड भडकत नाही, नुसतं ‘शिजतं’. खालून पेटवलं तर सगळी लाकडं एकदम तापतात, वरच्या भोकांना पेलवणार नाही एवढा वायू सुटतो आणि भपकाभर धूर होतो.

इंधन: बोटाएवढ्या जाडीचे, ३-४ सेंमी लांबीचे तुकडे. उभे-आडवे कसेही टाका, पण ठासू नका. भुसा, बारीक चुरा, साल यांनी तळाची हवा अडते. वरच्या भोकांच्या खाली किमान ५ मिमी जागा सोडून भरा. तुमच्या डब्यात ते दीड-पावणेदोनशे ग्रॅम होतं. वर काडीएवढ्या ढलप्यांचा दोन सेंमी थर, त्यावर मेणात बुडवलेला कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा.

ओलाव्याबद्दल काटेकोर राहा. उन्हावाऱ्यात नीट वाळलेल्या लाकडात १५-२० टक्के पाणी असतं आणि किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल उष्णता मिळते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असू शकतं. ते ही चूल चालवूच शकत नाही, सगळी आच पाणी उडवण्यात जाते. मोडताना कट्कन आवाज यावा, वाकू नये. पावसाळी हवेत जमिनीवरच्या काटक्या सोडा आणि झाडावरच सुकून लटकलेल्या घ्या, किंवा मनगटाएवढं वाळलेलं लाकूड चिरून त्याचा गाभा वापरा.

किती लागेल? एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला ३३५ किलोज्यूल पुरतात. अशा चुलीत, आडोसा आणि झाकण असताना, पाचवा हिस्सा उष्णता पाण्यात गेली असं धरा. म्हणजे १,७०० किलोज्यूल, सुमारे ११० ग्रॅम कोरडं लाकूड. एका भरणीत पाणी उकळून वर थोडी आच शिल्लक राहते. वेळ बारा-पंधरा मिनिटं. झाकण नसेल तर हे गणित सोडून द्या.

---

काटक्या_किटली

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. याच मापांनी चूल तयार झाली, तळाला १२ भोकं. पेटते छान, पण पाच-सहा मिनिटांनी ज्योत एकदम नाहीशी होते आणि दाट पांढरा धूर येतो. काडी लावली की पुन्हा भप्पकन पेटते. भांड्याच्या बुडाला काजळी बरीच आहे. तळाला भोकं वाढवावीत का?

---

निळी_ज्योत

आत्ता वाढवू नका. काडी लावल्यावर पेटतंय, म्हणजे वायू भरपूर तयार होतोय. तळाची भोकं वाढवली तर तो आणखी होईल. अडचण वर आहे. ज्योत टिकत नाही याची कारणं मी या क्रमाने तपासेन.

पहिलं, वारा. वरच्या भोकांपाशी ज्योत अगदी नाजूक टेकलेली असते. एक झुळूक तिला उचलून विझवते आणि पांढरा धूर सुरू होतो. तीन बाजूंनी आडोसा करा, चुलीपासून ५-६ सेंमी लांब आणि भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत. चारी बाजूंनी गुंडाळलात तर खालच्या भोकांना हवाच मिळणार नाही.

दुसरं, इंधन फार वर भरलंय का. लाकूड वरच्या भोकांसमोर आलं की थंडगार तुकड्यावर ज्योत विझते.

तिसरं, वर सांगितलेली काठाखालची फट.

चौथं, भांडं. पाणी गार असताना लगेच भांडं ठेवलं तर ज्योत त्याच्या बुडाला चाटून थंड होते. पेटवल्यावर तीन-चार मिनिटं उघडं जळू द्या. भोकांमधून आत येणारे ज्योतीचे छोटे झोत मधोमध टोकं करून भेटताना दिसले की भांडं ठेवा. हे झोत अगदी स्पष्ट दिसतात, भोकागणिक एक, आतल्या बाजूला वळलेले. ते दिसत नसतील तर वायू भोकांवर जळत नाहीये.

एवढं करूनही ज्योत गेली तर वरच्या रांगेत आणखी सहा-आठ भोकं पाडा, त्याच रेषेत नको, १० मिमी वर, दोन भोकांच्या मधोमध.

उलट खूणही सांगून ठेवतो. लांब पिवळ्या ज्वाळा भांड्याच्या बाजूंनी वर चढत असतील, किंवा आतल्या डब्याचा खालचा भाग लाल तापत असेल, तर तळाची हवा जास्त आहे. भात्यासारखं होतं, इंधन पटकन संपतं आणि पत्राही. मग तळाची थोडी भोकं सपाट खड्यांनी झाका.

शेवटी ज्योत बसते, निळसर छोट्या जिभा उरतात आणि धूर नसतो. म्हणजे वायू संपला, आता कोळसा जळतोय. तुम्हाला हवी ती ‘बेताची आच’ हीच. या टप्प्यावर मूठभर लाकूड टाकलं तर नुसता धूर होईल. आच लांबवायची असेल तर ज्योत बसायच्या आधीच, एका वेळी बोटाएवढे दोन-तीन तुकडे टाकत राहा.

---

घडीची_चूल

थोडा वेगळा सूर लावतो. वर सांगितलेली चूल उत्तम जळते, पण ती भरणीची चूल आहे. तुकडे कापायचे, भरायचे, संपेपर्यंत थांबायचं. जिथे लांब काटक्या मिळतात आणि तासभर आच हवी, तिथे बाजूने काटक्या सारायची घडीची पेटी जास्त सोयीची पडते. धूर थोडा जास्त, पण इंधन कापायचे कष्ट वाचतात आणि सामानात ती वहीसारखी सपाट राहते.

भिंती चार, प्रत्येकी खाली १३० मिमी, वर १०० मिमी, उंची १६०. वर निमुळती केली की ज्योत एकत्र येते आणि पेटी बाहेर उघडत नाही. एका भिंतीला खालून ४० मिमीवर ६० × ५० मिमीची खिडकी. चारही भिंतींना तळाच्या काठापासून ८-१८ मिमीच्या पट्ट्यात १० मिमीची तीन-तीन भोकं. जाळी जमिनीपासून ३० मिमी वर. ड्रमचा भोकं असलेला पत्रा या जाळीसाठी अगदी योग्य आहे. भिंतींसाठी मात्र नको, भोकांतून वारा शिरतो आणि ज्योत आडवी होते. भिंतींना सपाट, बिनरंगाचा, बिनमुलाम्याचा पत्रा घ्या.

०.८ मिमीच्या साध्या पोलादात सगळं मिळून साडेपाचशे ग्रॅमच्या घरात जातं, ०.५ मिमीत साडेतीनशे ग्रॅम. मधलं काही मिळालं तर उत्तम.

सांध्यासाठी एका भिंतीला कानासारखे दोन टोकदार जोड आणि शेजारच्या भिंतीला उभ्या खाचा. खाचेची रुंदी पत्र्याच्या जाडीपेक्षा १ मिमी जास्त ठेवा. गार असताना ती खुळखुळेल, तरी तशीच ठेवा. कारण पुढे येतंय.

---

अर्धा_मिलिमीटर

घडीच्या पेटीचा मुद्दा पटतो. खाचेच्या सैलपणाचं कारण मी लिहितो, कारण सपाट चुली नेमक्या तिथेच फसतात.

५०० अंशांनी तापल्यावर १५० मिमी लांबीचा ३०४ स्टेनलेस जवळजवळ १.३ मिमीने वाढतो, साधं पोलाद सुमारे ०.९ मिमीने. शिवाय स्टेनलेस उष्णता पसरवतं साध्या पोलादाच्या एकतृतीयांशाने. त्यामुळे ज्योतीसमोरचा भाग लाल आणि कडा त्यामानाने गार, अशी अवस्था होते. मधला भाग वाढायला बघतो, कडा त्याला धरून ठेवतात, आणि पत्रा पराती-सारखा फुगतो. खाचा घट्ट असतील तर गार झाल्यावर चूल उघडतच नाही.

यावर उपाय दोन. खाचा सैल, आणि प्रत्येक भिंतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी फुलीची दुमड. पत्रा लाकडाच्या कडेवर ठेवून हाताने एक-दोन अंश वाकवला तरी पुरतो. फुगायचंच असेल तर पत्रा ठरलेल्या बाजूला फुगतो आणि सांधे वाचतात. पहिल्या दोन-तीन जाळांत थोडा वाकडेपणा येईलच, मग तो तिथेच स्थिरावतो. ठोकून सरळ करत बसू नका.

बोल्ट वापरलेच तर नट चढवण्याआधी आट्यांवर पेन्सिलचं शिसं घासा. नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस तापून असे धरतात की बोल्ट कापावा लागतो.

---

पत्रेकाम

वापराबद्दल राहिलेलं थोडं.

दुहेरी डब्याची चूल खालून उघडी आहे आणि तिचा तळ जमिनीपासून बोटभर उंच. पालापाचोळा, वाळलेली मुळं असलेली माती तिच्याखाली हळूहळू धुमसू शकते आणि माणूस निघून गेल्यावर पेट घेऊ शकते. खाली पत्र्याची थाळी ठेवा, तिलाही ३० मिमीचे पाय द्या. थाळीत निखारे पडतात ते वेगळं काम. पायांऐवजी दगड घ्यायचे तर पाण्यातून काढलेले ओले दगड नकोत, आतलं पाणी तापून ते फुटतात. कोरड्या मोसमात उघड्या आगीवर बंदी असेल तर ही चूलही त्यात येते, आधी विचारून घ्या.

तंबूत किंवा तंबूच्या दारातही नको. धूर नाही म्हणून ही चूल आत चालेल असं वाटतं आणि धोका तिथेच आहे. कोळसा जळायच्या टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांचा डबा आत घेणं तर मुळीच करू नका.

विझवताना तापलेल्या डब्यावर पाणी ओतू नका, पत्रा वेडावाकडा होतो आणि गरम वाफ हातावर येते. निखारे थाळीत किंवा उघड्या मातीवर ओता, त्यावर पाणी घाला, काडीने ढवळा, पुन्हा पाणी घाला. हात जवळ नेऊन धग लागत नाही याची खात्री झाली की मगच पुरा.

राख चुलीत ठेवून पिशवीत भरू नका. लाकडाच्या राखेतलं पोटॅश हवेतलं पाणी ओढतं आणि ते क्षारयुक्त ओलं मिश्रण पत्र्याला चिकटून राहतं. आतल्या डब्याच्या तळाची घडी सर्वांत आधी सडते ती त्यामुळे. दर वेळी उलटा करून झटका, कोरड्या ब्रशने घडी साफ करा, आणि बाहेरचा डबा कोमट असतानाच तेलाचा बोळा फिरवा. आतल्या डब्याला तेल लावून उपयोग नाही, पुढच्या जाळात ते जाऊन नुसता वास येतो. तो खर्ची पडणारा भाग आहे. तळाला टोचल्यावर टाचणी आरपार गेली की बदला. भोकांची मापं नव्या डब्यावर उतरवायला जुना डबा उभा चिरून सपाट करून ठेवा, तोच साचा होतो.